शवागारातील साक्षीदार आणि वाचकाचा विश्वास : पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या स्कार्पेटा-मालिकेवरील वाचकमतांचा विचार

प्रास्ताविक

लोकप्रिय कादंबरीविषयी सामान्य वाचकाने व्यक्त केलेले मत हा साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न महाविद्यालयीन वर्तुळात अद्यापही काहीशा संकोचानेच विचारला जातो. रहस्यकथेच्या बाबतीत हा संकोच अधिकच वाढतो. 'आवडली', 'कंटाळवाणी झाली', 'पूर्वीसारखी राहिली नाही' अशा शब्दांत वाचक आपले मत सांगतो आणि अभ्यासक ते ऐकून सोडून देतो. वास्तविक या तीन उद्गारांपैकी तिसरा उद्गार पहिल्या दोहोंपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. त्यात आवडीनिवडीपलीकडची एक तुलना दडलेली असते. आधी काहीतरी कबूल केले गेले होते आणि पुढे ते पाळले गेले नाही, अशी तक्रार त्यात असते. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी ज्याला वाचकाचे 'अपेक्षाक्षितिज' म्हटले, ते दीर्घकाळ चालणाऱ्या कादंबरी-मालिकेत सर्वांत स्पष्ट दिसते; कारण तेथे ही अपेक्षा बाहेरच्या परंपरेपेक्षा त्याच लेखकाच्या आधीच्या पुस्तकांनी घडवलेली असते.

अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची डॉ. के स्कार्पेटा या न्यायवैद्यक-तज्ज्ञ स्त्रीला केंद्रस्थानी ठेवणारी मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९९० साली 'पोस्टमॉर्टेम' या कादंबरीने तिचा आरंभ झाला आणि २०२४ पर्यंत मालिकेत २८ कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. एवढ्या काळात वाचकांची एक पिढी तिच्यासोबत वयाने वाढली आणि वाचकांत सरळसरळ दोन तट पडले. प्रस्तुत लेखात या मतांच्या संख्येचा हिशेब मांडलेला नाही. वारंवार आढळणाऱ्या मतांमागचा युक्तिवाद काय आहे, एवढ्याचाच विचार केला आहे.

पद, कार्यालय आणि कथनाचा सूर

मराठी वाचकाला या मालिकेत प्रवेश करताना एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे नायिकेचे पद. संशयास्पद मृत्यूच्या चौकशीच्या दोन पद्धती अमेरिकेत आढळतात. काही ठिकाणी कॉरोनर हा अधिकारी असतो. तो पुष्कळदा निवडून आलेला असतो आणि त्याच्याजवळ वैद्यकीय पदवी असेलच असे नाही. अन्य ठिकाणी मेडिकल एक्झामिनर हा नियुक्त वैद्यकीय अधिकारी असतो. व्हर्जिनिया राज्याने १९४६ पासून ही दुसरी पद्धत स्वीकारली. मुंबईतही कॉरोनरचे पद १९९९ पर्यंत अस्तित्वात होते. महाराष्ट्रात इतरत्र मात्र पोलिसांनी पंचनामा करावा आणि शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांनी शवविच्छेदन करावे, हीच रीत राहिली. त्यामुळे पोलिसांच्या हाताखाली नसलेली, घटनास्थळी स्वतः जाणारी आणि मृत्यूचे कारण ठरवण्याचा अधिकार असलेली स्त्री-डॉक्टर ही आपल्याकडील वाचकाला अपरिचित वाटते. स्कार्पेटा व्हर्जिनियाची मुख्य मेडिकल एक्झामिनर आहे, शिवाय तिच्याजवळ कायद्याची पदवीही आहे. ती ना आरोपीच्या बाजूची, ना पोलिसांच्या. ती मृताच्या बाजूची. वाचकाचा तिच्यावरील विश्वास या स्वतंत्रपणावर उभा आहे.

लेखिका स्वतः डॉक्टर नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. वृत्तपत्रात बातमीदारी केल्यानंतर त्यांनी रिचमंड येथील मुख्य मेडिकल एक्झामिनरच्या कार्यालयात तांत्रिक लेखन आणि संगणकविषयक काम केले. डॉ. मार्सेला फारिनेली फिएरो या तेथील न्यायवैद्यक-तज्ज्ञ स्कार्पेटेच्या व्यक्तिरेखेमागची प्रेरणा मानल्या जातात. पुढे १९९४ साली त्या स्वतः व्हर्जिनियाच्या मुख्य मेडिकल एक्झामिनर झाल्या. नायिकेच्या भाचीचे आडनाव फारिनेली असावे, हा योगायोग खचितच नव्हे. कॉर्नवेल यांच्या आरंभीच्या अप्रकाशित कादंबऱ्यांत नायक एक पुरुष गुप्तहेर होता आणि स्कार्पेटा दुय्यम पात्र होती. तिलाच मुख्य करावे, असा सल्ला एका संपादिकेने दिला. 'पोस्टमॉर्टेम'ला पुढे एडगर, अँथनी, मकॅव्हिटी आणि जॉन क्रीझी स्मृती पुरस्कार मिळाले.

प्रयोगशाळेतील गुन्हेसंशोधन ही त्या वेळी नवी गोष्ट नव्हती. ऑस्टिन फ्रीमन यांचा डॉ. थॉर्नडाइक १९०७ पासून सूक्ष्मदर्शक घेऊन वावरत होता. पी. डी. जेम्स यांनी १९७७ साली न्यायसहायक प्रयोगशाळेतच खून घडवला होता. नवीन होता तो कथनाचा सूर. स्कार्पेटा प्रथमपुरुषी बोलते आणि हातातल्या कामाविषयी बोलते. अवयवांची वजने, ध्वनिमुद्रित टिपणे, मृत्यूनंतर शरीराच्या खालच्या भागी साकळणारे रक्त, नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या, कोणत्या हातातून पुरावा कोणत्या हातात गेला याची अखंड नोंद या साऱ्याचे वर्णन ती एखाद्या दक्ष कारकुनाच्या निष्ठेने करते. 'पोस्टमॉर्टेम'मध्ये मृत स्त्रियांच्या अंगावर लेसर किरणांखाली चमकणारे कण सापडतात. वाचकाला त्या कणांइतकीच काळजी वाटते ती या कार्यालयातील संगणकात कोणीतरी शिरकाव केल्याची. नोंदच विश्वासार्ह राहिली नाही तर मृताची साक्ष कोण ऐकणार, हा या कादंबरीतील खरा पेच आहे. १९८७ साली रिचमंड व आर्लिंग्टन येथे झालेल्या स्त्रियांच्या खुनांची सावली तिच्यावर पडली असल्याचे अनेकांनी नोंदवले आहे. त्या प्रकरणात १९८८ साली डीएनए पुराव्याच्या बळावर अमेरिकेत प्रथमच देहदंडास पात्र अशा खुनाचा आरोप सिद्ध झाला होता. कादंबरीत मात्र डीएनए ही अजून वाट पाहायला लावणारी, धीर धरायला लावणारी चाचणी आहे.

'खरे वाटते' या उद्गाराचा अर्थ

पहिल्या दहा-अकरा पुस्तकांविषयी वाचकांचे सर्वांत सामान्य मत म्हणजे 'सारे खरे वाटते'. हे मत वरकरणी भाबडे आहे. ज्याने आयुष्यात कधी शवागाराची पायरी चढलेली नाही, त्याने तेथील वर्णन खरे की खोटे हे कशाच्या आधारे ठरवावे? त्याच्याजवळ तुलनेला काहीच नसते. तरीही हे मत निराधार नाही. वाचक वर्णनाची पडताळणी करत नसून निवेदिकेच्या संयमाची पारख करत असतो. जी स्त्री आपल्याला अजून काय ठाऊक नाही हे सांगते, अहवाल येईपर्यंत थांबते, मृत मुलाच्या देहापाशी भावनाविवश न होता आपले काम पूर्ण करते आणि घरी येऊन कणीक मळायला घेते, तिचे बोलणे खरे असणार असा तो निष्कर्ष असतो. स्कार्पेटेचा इटालियन स्वयंपाक हा पुष्कळ वाचकांना आवडणारा भाग आहे. त्यावर स्वतंत्र पुस्तकेही निघाली. केवळ रुचिपालट म्हणून त्याकडे पाहणे योग्य ठरणार नाही. दिवसभर मृतांसाठी राबलेले हात संध्याकाळी जिवंत माणसांसाठी राबतात, ही संगती वाचकाने न सांगता ओळखलेली असते.

या विश्वासाचे फळ पुस्तकाबाहेरही दिसले. टेनेसी विद्यापीठात डॉ. विल्यम बास यांनी मानवी देहाच्या कुजण्याचा अभ्यास करण्यासाठी नॉक्सव्हिल येथे जे संशोधनक्षेत्र उभारले होते, ते १९९४ च्या 'द बॉडी फार्म' या कादंबरीनंतर त्याच नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. बास यांच्या 'डेथ्स एकर' (२००३) या पुस्तकाला प्रस्तावना कॉर्नवेल यांचीच आहे. कादंबरीने प्रयोगशाळेला नाव द्यावे, असे उदाहरण विरळा.

बेंटनचा मृत्यू आणि त्याचे परत येणे

वाचकांचे दोन तट पडले त्याची तारीख बहुतेक वाचक स्वतःच सांगतात : २००३, 'ब्लो फ्लाय'. त्या पुस्तकात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पहिली म्हणजे निवेदन प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात गेले. दुसरी कथानकातील आहे. १९९८ च्या 'पॉइंट ऑफ ओरिजिन'मध्ये नायिकेचा सहचर, एफबीआयमधील गुन्हेगारी-मानसशास्त्राचा जाणकार बेंटन वेस्ली मारला गेला होता. मागे उरला होता तो आगीत जळालेला देह. पुढच्या दोन कादंबऱ्या, 'ब्लॅक नोटिस' (१९९९) आणि 'द लास्ट प्रिसिंक्ट' (२०००), नायिकेच्या शोकाने व्यापलेल्या आहेत. 'ब्लो फ्लाय'मध्ये मात्र तो जिवंत असल्याचे आणि त्याचा मृत्यू रचलेला असल्याचे उघड होते. नायिकेच्या जवळच्या माणसांपैकी काहींना हे ठाऊकही होते.

मृत पात्र परत आणणे हे रहस्यकथेत नवे नाही. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले आणि वाचकांच्या दीर्घ आग्रहानंतर १९०३ साली परत आणले. वाचकांनी त्याचे स्वागतच केले. मराठीतही बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार किंवा काळापहाड कोणत्या संकटातून कसे सुटले, याचा हिशेब वाचकाने कधी मागितला नाही. ते सुटतील हाच तेथील करार होता. मग बेंटनच्या परतण्याने एवढे वाचक का दुखावले? 'अतिरंजित आहे', हे त्यांचे उत्तर अपुरे आहे. अतिरंजन त्यांनी आधीही पुष्कळ सोसले होते.

खरे कारण मालिकेच्या पायाशी आहे. होम्सचा देह कोणी पाहिला नव्हता आणि त्याच्या कथांत देह हा मुख्य साक्षीदार नव्हताच. स्कार्पेटेच्या जगात जिवंत माणसे खोटे बोलतात, मृतदेह मात्र बोलत नाही. राज्यपाल, वकील, पोलिस, वार्ताहर, नातलग या सगळ्यांवर संशय घ्यावा. टेबलावरच्या देहावर मात्र घेऊ नये, असे या मालिकेने वाचकाला शिकवले होते. जळालेला देह बेंटनचा नव्हता असे म्हणताच एका पात्राचे पुनरुज्जीवन होते खरे, परंतु तो एकमेव प्रामाणिक साक्षीदार खोटा ठरतो. शिवाय मधल्या दोन पुस्तकांतील शोक वाचकाने मनापासून सोबत केलेला शोक होता. 'आमची फसवणूक झाली' हा शब्द येथे वारंवार येतो, तो उगाच नाही. त्या दोन कादंबऱ्या पुन्हा वाचणे अनेकांना अशक्य झाले.

निवेदनातील बदलाविषयीची नाराजीही याच दुखण्याशी जोडलेली आहे. तृतीयपुरुषी निवेदनामुळे वाचक खुन्याच्या मनात, बेंटनच्या मनात, मरिनोच्या मनात शिरू लागला. जे देहावरून हळूहळू कळायचे ते आता आधीच सांगितले जाऊ लागले. 'ती आमच्याशी बोलेनाशी झाली' अशा आशयाचे मत मांडणाऱ्या वाचकाने कथनमीमांसेचे एकही पुस्तक वाचलेले नसेल. पण निवेदकाचे स्थान बदलल्याने ज्ञानाची वाटणी कशी बदलते, हे त्याने नेमके हेरले आहे. वर्गात हा मुद्दा समजावून सांगायला अध्यापकाला बरेच श्रम पडतात. २०१० च्या 'पोर्ट मॉर्चुअरी'पासून लेखिकेने पुन्हा प्रथमपुरुष स्वीकारला, यावरूनही वाचकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती असे दिसते. पण सहा कादंबऱ्यांच्या खंडानंतर आलेला 'मी' हा पूर्वीचा 'मी' राहिलेला नव्हता. तो आता शंकेखोर होता, सतत आपल्याविरुद्ध कोणीतरी कट करीत आहे या भावनेने वेढलेला होता. काही वाचकांना यात वाढत्या वयाचे आणि सोसलेल्या आघातांचे वास्तव दिसते, तर बहुतेकांना केवळ थकवा दिसतो. दुसऱ्या तटाचे पारडे जड आहे हे मान्य करूनही, पहिल्या तटाचे म्हणणे तेवढ्या सहजपणे निकालात काढता येत नाही. तीस वर्षे हिंसा पाहिलेली स्त्री निर्मळ, शांत स्वरात बोलत राहावी, ही अपेक्षा तरी कितपत न्याय्य आहे?

लूसी आणि मरिनो

भाची लूसी 'पोस्टमॉर्टेम'मध्ये दहा वर्षांची आहे. १९९३ च्या 'क्रुएल अँड अनयूज्वल'मध्ये ती सतरा वर्षांची होते आणि पुढच्याच पुस्तकात एफबीआयच्या संशोधन-केंद्रात काम करताना भेटते. नायिकेचे वय मात्र त्या हिशेबाने पुढे सरकत नाही. वाचक ही विसंगती गंमतीने मोजत राहतात. पुढे लूसी हेलिकॉप्टर चालवते, अमाप पैसा मिळवते, कोणतीही संगणकयंत्रणा भेदते. तेव्हा मात्र गंमत संपते. जेथे पूर्वी आठवडाभर अहवालाची वाट पाहावी लागे, तेथे आता लूसीची बोटे क्षणात उत्तर काढतात. धीर हे ज्या मालिकेचे मूल्य होते, त्या मालिकेत धीराची गरजच उरत नाही.

पीट मरिनोविषयीची मते अधिक गंभीर आहेत. रिचमंडचा हा अघळपघळ, उद्धट, आजारी, पूर्वग्रहांनी भरलेला आणि तरीही कामाला पक्का पोलिस अधिकारी अनेकांचा नायिकेइतकाच लाडका होता. २००७ च्या 'बुक ऑफ द डेड'मध्ये तो मद्याच्या अमलाखाली स्कार्पेटेवर अत्याचाराचा प्रयत्न करतो. या कादंबरीला २००८ साली ब्रिटनमध्ये वर्षातील उत्कृष्ट गुन्हेकथेचा पुरस्कार मिळाला. पण वाचकांमध्ये, विशेषतः स्त्री-वाचकांमध्ये, चर्चा चालली ती वेगळ्याच प्रश्नाची. पुढच्या पुस्तकांत नायिका त्याच्यासोबत पुन्हा काम करते, हे शक्य आहे काय आणि शक्य असले तरी योग्य आहे काय? एका पक्षाने म्हटले की, लेखिकेने आवडत्या पात्राचा बळी दिला. दुसऱ्या पक्षाने विचारले की, पहिल्या पुस्तकापासून त्याच्या बोलण्यात स्त्रियांविषयी जी तुच्छता होती ती आपण 'स्वभाव' म्हणून का हसण्यावारी नेली? हा दुसरा प्रश्न वाचकाने लेखिकेला विचारलेला नाही, स्वतःला विचारलेला आहे. नोकरीच्या ठिकाणी अशाच माणसासोबत वर्षानुवर्षे काम करावे लागलेल्या स्त्रियांनी नायिकेचे मौन समजून घेतले, त्याचे समर्थन मात्र केले नाही. लोकप्रिय कादंबरीच्या वाचनातून नैतिक विवेकाची एवढी बारीक फोड होऊ शकते, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही.

विज्ञानावरील विश्वासाचे काय?

वाचकमतांचा एक भाग मात्र काळाने उलटवला आहे. मालिकेच्या आरंभकाळात केस, धागे, चाव्याच्या खुणा यांवरून माणूस ओळखता येतो, असा सर्वसाधारण समज होता. २००० साली सुरू झालेल्या 'सीएसआय' या दूरचित्रवाणी मालिकेने तो घरोघर नेला. २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने दिलेल्या अहवालात मात्र, डीएनए चाचणीचा अपवाद वगळता, कोणतीही न्यायसहायक पद्धती एखाद्या पुराव्याचा विशिष्ट व्यक्तीशी संबंध सातत्याने व उच्च खात्रीने दाखवू शकते हे काटेकोरपणे सिद्ध झालेले नाही, असे म्हटले. २०१५ साली एफबीआयने कबूल केले की, तपासलेल्या खटल्यांपैकी किमान ९० टक्के खटल्यांत सूक्ष्मदर्शकाखालील केसांविषयी तिच्या तज्ज्ञांनी दिलेल्या साक्षीत चुकीची विधाने होती. त्यांतील काही खटल्यांत देहदंडाची शिक्षा झालेली होती.

या पार्श्वभूमीवर 'जुनी पुस्तके अधिक शास्त्रीय होती' हे आवडते मत तपासून घ्यावे लागते. जुनी पुस्तके अधिक संयमी होती, एवढेच निश्चितपणे म्हणता येईल. कॉर्नवेल यांनी स्वतः २००२ साली 'जॅक द रिपर' म्हणजे चित्रकार वॉल्टर सिकर्टच होय, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले आणि प्रकरण मिटले असे उपशीर्षकातच जाहीर केले. तेव्हा स्कार्पेटेच्याच निष्ठावंत वाचकांनी त्यावर आक्षेप घेतला. स्कार्पेटा एवढ्या पुराव्यावर असे कधी म्हणाली नसती, हा त्यांचा आशय होता. पात्राने लेखिकेहून अधिक काटेकोर असावे, ही मागणी विलक्षण आहे खरी. परंतु ही काटेकोर दृष्टी वाचकांना लेखिकेनेच दिलेली होती.

२०२१ च्या 'ऑटॉप्सी'मध्ये स्कार्पेटा मुख्य मेडिकल एक्झामिनर म्हणून व्हर्जिनियात परतते. हे परतणे रिचमंडच्या जुन्या घरातले नाही, राजधानी वॉशिंग्टनलगतच्या अलेक्झांड्रिया शहरातले आहे. अनेक जुन्या वाचकांनी केवळ या परतण्याच्या बातमीवर पुस्तक पुन्हा हाती घेतले. त्याच कादंबरीत तिला अवकाशातील एका गुप्त प्रयोगशाळेत घडलेल्या मृत्यूंचा तपास पृथ्वीवर बसून करावा लागतो. काहींनी तेथेच पुस्तक मिटले. काहींना मात्र तो प्रसंग मालिकेतील चांगल्या प्रसंगांपैकी एक वाटला. देह दूर आहे, हात पोहोचत नाहीत. आणि काय पाहावे, कोठे पाहावे, कशाला हात लावू नये, हे ती दुसऱ्या कोणाला सावकाश शब्दांत सांगते आहे.